मस्टरवरची सही

माझा नातू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सध्या त्यांच्याकडे रणकंदन चाललंय — घरून काम करायचं की ऑफिसात येऊन. रोज जेवताना तोच विषय. परवा मला म्हणतो, "आजोबा, तुम्हाला नाही कळायचं ते. तुमच्या वेळी वर्क फ्रॉम होम होतं कुठे?"

मी ताटावरून उठणारच होतो. अरे गाढवा, घरी बसून प्रोग्रॅम लिहिणारा नगर जिल्ह्यातला पहिला माणूस बहुधा तुझ्यासमोर जेवतोय! चार महिने लिहिले. मग एका दुपारी थांबलो आणि रिटायर होईपर्यंत एक दिवससुद्धा घरून काम केलं नाही. का, ते त्याला सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही, खरं तर. इथं तुम्ही कोणी मला ओळखत नाही, म्हणून लिहितोय.

आधीच सांगून ठेवतो — करणी, भानामती, अंगात येणं... यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. देवासमोर उभा राहतो तो बायको ओरडते म्हणून. जन्मभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या. चूक आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण शोधलं की सापडतं, एवढंच मला माहीत. ही एकच गोष्ट पन्नास वर्षं शोधतोय.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. नगरमधल्या एका ऑफिसात — नाव सांगत नाही — आम्ही दोघे प्रोग्रॅमर. मी भास्कर, आणि संगमनेरचा दिगंबर, म्हणजे आमचा दिग्या. त्याच खोलीत टाइपिस्ट गायकवाडबाई. जिल्ह्यातल्या पावसाच्या नोंदींचं काम होतं. पण कॉम्प्युटर काही आमच्याकडे नव्हता, तो पुण्याला. आम्ही चौकोन छापलेल्या मोठ्या कागदांवर पेन्सिलीनं प्रोग्रॅम लिहायचो. कोडिंग शीट म्हणायचे त्याला. दर सोमवारी शिपाई तो गठ्ठा एस.टी.नं पुण्याला न्यायचा आणि पुढच्या सोमवारी चुकांची यादी घेऊन यायचा.

माझं म्हणणं साधं होतं. मशीन पुण्याला आहे, तर मी नगरला बसलो काय आणि कर्जतला बसलो काय, फरक काय पडतो? ऑफिसात टाइपरायटरची खडखड, शेजारच्या खात्यातल्यांच्या गप्पा... डोकं चालायचं नाही माझं. दिग्याचं उलटं. "घरी माणूस झोपतो रे भाश्या. इथं वेळेवर चहा येतो, पंखा आहे, आणि अडलं की विचारायला तुझं डोकं आहे." यावर आम्ही तासन् तास भांडायचो.

पण खरं कारण वेगळं होतं. माझं गाव कर्जत तालुक्यात. घरी शालन, माझी बायको, एकटी — आणि पोटुशी. आधीची दोन पोटातच गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला एसटीनं हलवू नका आणि एकटीही ठेवू नका. मी साहेबांकडे गेलो, घरून काम देतो म्हणालो. साहेब म्हणाले, "प्रोग्रॅमर खुर्चीत दिसला पाहिजे. नाही जमत तर राजीनामा द्या."

मी टेबलावर डोकं टेकून बसलो होतो. दिग्या म्हणाला, "रडतो काय बायकांसारखा? साहेब खाली येतो तो फक्त सोमवारी. तू सोमवारी येत जा. बाकीच्या दिवशी हजेरीच्या मस्टरवर तुझी सही मी ठोकतो."

तो माझी सही माझ्यापेक्षा झकास करायचा, हेही खरं.

असा मी घरी बसलो. ओसरीवर पेटी पालथी घालून त्यावर कागद पसरायचे. समोरून अख्खं गाव दुष्काळी कामावर जायचं. रस्त्याची खडी फोडायची होती. माणसं, बाया, म्हातारीकोतारी उन्हात दगड फोडतायत आणि मी पांढऱ्या शर्टात, सावलीत पेन्सिल चालवतोय. लोकांच्या डोळ्यांत ते सलत असणार. मला तेव्हा कळलं नाही. अक्कल होती ती सगळी शीटवर.

शेजारचे रंभानाना एकदा टेकले. लहानपणी त्यांनी मला विहिरीत पोहायला शिकवलेलं. म्हणाले, "रोज काय लिवतोस रं बापू?"

"पाऊस, नाना."

"कुटला पाऊस?"

"आपल्या भागातला."

"मंग... किती लिवलास?"

"शून्य."

प्रोग्रॅम तपासायला खोटे आकडे घालून बघतात. सगळीकडे शून्य टाकलं तर तो कोलमडतो का, ते मी बघत होतो. नानांनी कागदावरच्या रांगेवर बोट ठेवलं. "आन् ह्ये म्होरल्या म्हयन्याचं?"

"तिथंही शून्यच," म्हणालो — आणि हसलो. त्या हसण्याबद्दल आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्याकडे पाऊस आला नाही की तो कुणीतरी 'बांधला' असं म्हणायचे. बहुतेक वीटभट्टीवाल्याचं नाव यायचं, कारण पाऊस नसलेला त्याच्या फायद्याचा. त्या वर्षी भट्टी बंद होती. पाण्याविना चिखल कुठला व्हायचा? मग नाव घ्यायला मी होतोच. घरात बसतो, कामाला जात नाही, चौकोनात काहीतरी खुणा करतो, शून्याला आडवी काट मारतो (इंग्रजी ओशी गल्लत होऊ नये म्हणून मारायचो ती). आणि स्वतःच्या तोंडानं सांगतो की पुढच्या महिन्यातही शून्य.

पुढचा महिना कोरडा गेला. तो बहुतेक सगळीकडेच कोरडा गेला, पण माझ्या शीटवर ते आधी लिहिलेलं होतं.

तो गुरुवार होता. आदल्या रात्री नानांचा शेवटचा बैल मेला होता. दुपारी एकला मुकादमाची जेवणाची शिट्टी झाली ती मी ऐकली. पाचेक मिनिटांत पहिला दगड ओसरीवर पडला. मी वर बघतोय तोवर दुसरा आला, तो शालनच्या कपाळावर. ती पाणी घेऊन बाहेर येत होती. तांब्या पडला, ती भिंतीला धरून खाली बसली. कपाळातलं रक्त तिच्या डोळ्यात उतरलं.

तीस-चाळीस माणसं असतील. सगळी ओळखीची. खडीचे हातोडे तसेच हातात. कुणीतरी केसाला धरून मला ओढलं. पोटात लाथ बसली, मग पाठीत, मग मोजायचं राहिलं. तोंडात माती गेली. दोन दात तिथंच पडले. कागद चुलीत घालत होते. एक बाई किंचाळत होती, "सोड आमचा पाऊस! सोड म्हंते ना, मुडद्या!"

"ज्या हातानं बांधला त्यो हात ठेचा!" हे नाना होते. रडत होते ते. हातात खडीचा मोठा हातोडा आणि ढसाढसा रडत होते.

दोघांनी घरातून पाटा आणला. सकाळी शालननं त्यावरच चटणी वाटली होती, तिखटाचा वास येत होता. माझा उजवा हात त्यावर दाबून धरला. शालन रांगत आली आणि नानांच्या पायाला मिठी मारली. "नाना, पाया पडते! माज्या पोटाकडं बघा!" कुणीतरी तिला लाथेनं बाजूला केलं. पोटात लाथ. ते मी बघितलं आणि जनावरासारखा ओरडलो.

हातोडा खाली आला.

आता नीट वाचा, कारण मी नीट लिहितोय. घाव बसला. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्याला पाटा उभा तडकला. पण दुखलं नाही. कुणी उशीवर मारावं तेवढंसुद्धा लागलं नाही.

नाना वाकून बघायला लागले. माझा हात तडकलेल्या पाट्यावर होता तसाच. ओरखडासुद्धा नाही. मी बोटं हलवली. नानांच्या हातून हातोडा गळून पडला. "आरं द्येवा..." एवढंच म्हणाले. ज्यांनी मला दाबून धरलं होतं ते मागं सरकत गेले, आणि बघता बघता अंगण रिकामं झालं.

मुकादमानं — बाहेरगावचा होता, देव त्याचं भलं करो — खडीचा ट्रक दिला. शालनला घेऊन नगरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. तिला आत नेलं. बाहेर बाकावर गायकवाडबाई बसलेल्या. पांढऱ्या साडीवर रक्तच रक्त.

"तुम्हाला कोणी कळवलं?" त्या म्हणाल्या. मग माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"कोणाचं काय कळवलं, बाई?"

"दिगंबररावांचं."

त्यांनी सांगितलं ते असं. दिग्याच्या टेबलावर ऊन यायला लागलं म्हणून तो दुपारी माझ्या खुर्चीत जाऊन बसला. माझ्या टेबलावर लिहीत होता. एकची जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. बाई डबा उघडत होत्या. अचानक धाडकन आवाज झाला आणि दिग्या किंचाळला. हात टेबलावर सपाट, जणू कुणी दाबून धरलाय. त्याला तो उचलता येईना. परत आवाज. परत. परत. "चार वेळा," बाई म्हणाल्या. "मी येशूचं नाव घेत होते. आजूबाजूला कोणी नव्हतं हो. त्यांची बोटं माझ्या डोळ्यांदेखत चपटी झाली."

डॉक्टर म्हणाले, हे हातोड्यानं ठेचल्यासारखं आहे. तीन बोटं काढावी लागली.

शालन वाचली. पोटातलंही वाचलं — दीड महिन्यानं मुलगी झाली. माझ्या नातवाची आई ती.

यापुढचं मात्र अमानवीय नाही, माणसाचंच आहे. माझं आहे.

आठवड्याभरानं साहेबांनी चौकशी केली. मस्टर मागवलं. त्या दिवशी दिग्याला सकाळी उशीर झाला होता. त्यानं आधी माझी सही केली, तेवढ्यात शिपायानं मस्टर उचललं. त्याचा स्वतःचा चौकोन कोराच राहिला. म्हणजे कागदावर त्या दिवशी मी हजर आणि दिग्या गैरहजर. बाईंच्या शब्दापेक्षा मस्टर खरं धरून ऑफिस म्हणालं, हा माणूस ड्यूटीवरच नव्हता, आम्ही याचं काही देणं लागत नाही.

मग साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही तर खोलीत होता. काय पाहिलंत?"

गायकवाडबाई माझ्याकडे बघत होत्या. माझी सही दिग्यानंच केली, म्हणजे तोच हजर होता, हे खरं मी सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. गावात परत जायची सोय नव्हती. शालन दवाखान्यात... मी म्हणालो, "मी तेव्हा चहाला बाहेर गेलो होतो, साहेब."

बाईंनी मान खाली घातली. नंतर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. दिग्याला उजव्या हातानं लिहिता येईना म्हणून तीन महिन्यांत काढून टाकलं.

वर्षभरानं धीर करून संगमनेरला त्याच्या घरी गेलो. डाव्या हातानं त्यानं माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. मी पाट्यापासून चौकशीपर्यंत सगळं सांगितलं, 'चहाला गेलो होतो' हेसुद्धा.

"किती वेळा मारलं रे?"

"चार."

"हं. मलाही चारच." मग म्हणाला, "हात दाखव बघू."

मी उजवा हात पुढं केला. त्यानं तो मांडीवर घेतला, उलटा-सुलटा केला. एकेक बोट दाबून बघितलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. खूप वेळ लावला.

"आणि पोरगी?"

"चालायला लागली."

"मग झालं," दिग्या म्हणाला आणि हात सोडला.

काय झालं, कसं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. हे लिहितोय तो हात तोच आहे. पाचही बोटं शाबूत आहेत.