नावाचे निम्मे

जुनी रेसिंग सायकल विकायची असली की ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतचे आम्ही छंदिष्ट लोक विठ्ठलवाडीला पोपटकाकांकडे किंमत ठरवून घ्यायला जातो. म्हणजे शिव्या खायलाच जातो. आपण नवा रंग मारून फ्रेम चकाचक करून न्यावी आणि काकांनी चष्मा कपाळावर सरकवून म्हणावं, "म्हातारीला पावडर फासून आणलीस रे?"

काका एका कारखान्यात फिटर होते. फ्रेम उलटी करून ते पेडलखालचा नंबर वाचतात, पुढून मागे सुतळी ताणून ती वाकलीय का बघतात, शेवटी नळीवर टिचकी मारून ऐकतात. मग एकदाच आकडा सांगतात. स्वतःच्या मेव्हण्याची फ्रेमसुद्धा त्यांनी भंगारात काढली होती. त्यांचा एक नियम मला पाठ होता: फ्रेमवर नाव कोरलेलं असेल तर किंमत निम्मी. रंग पुन्हा देता येतो, कोरलेलं पोलाद भरून येत नाही.

गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला. "सुशांत, माझी फ्रेम विकायला काढलीय. तूच घे. पैसे घेऊन ये."

काका-काकू लेकीकडे, ठाण्याला राहायला निघाले होते. तिथे माणसांनाच जागा कमी. दोन दिवाळ्यांचा बोनस घालून घेतलेली ती इंग्लिश फ्रेम सात वर्षं मी कॉटखाली गोधडीत गुंडाळलेली बघत होतो. उघडून कधी दाखवली नव्हती. तिच्यावरून काका कल्याण ते ठाण्याचा टेंभी नाका या शर्यतीत तिसरे आलेले. "कळव्याच्या पुलापर्यंत मी पहिला होतो," हे वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल.

गोधडी सुटली. फिकट निळा मूळ रंग, सुतळी सरळ, आणि टिचकी अशी वाजली की मी लगेच दुसरी मारून ऐकली. तीस हजार, डोळे झाकून! मग मी फ्रेम उजेडाकडे वळवली. वरच्या नळीवर, आपल्या घरच्या भांड्यांवर असतात तशी ठिपक्यांची अक्षरं होती: 'श्री. पोपट यांस सौ. विमलकडून, १९८४.'

माझी जीभ नेहमीच माझ्या पुढे धावते. "काका, नाव आहे! निम्मी किंमत. तुमचाच नियम!" वर हसलोसुद्धा.

दाराशी मेथी निवडत बसलेल्या विमलकाकूंचे हात थांबले.

"मीच घातलेलं," त्या म्हणाल्या. "शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, हे कामावर गेलेले तेव्हा. भांड्यांवर नावं घालणारा दारात आलेला. म्हटलं, ह्यांची सायकल कुणी चोरायला नको. त्यानं आपलं आहेराच्या भांड्यावर घालतात तसंच घातलं. घरी आले आणि म्हणाले, सायकलचं पातेलं केलंस, किंमत मातीत घातलीस. आठ दिवस बोलले नाहीत. मला कुठे ठाऊक होतं रे?"

चाळीस वर्षांनी सांगतानाही त्यांची मान वर होत नव्हती. मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

काकांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग किंमत सांगायच्या त्यांच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "तीस हजार. तू अर्धवट शिकलास, सुशांत. परक्याचं नाव असेल तर निम्मी. घरच्या माणसानं घातलेल्याचं काही कापत नाहीत."

धादांत खोटं! डोंबिवलीच्या एकाचे त्यांनी वडिलांच्या नावापायी निम्मे कापलेले, माझ्यासमोर. मी भांडायला तोंड उघडलं, काकांचे डोळे बघितले आणि मिटलं.

"चुकलोच मी," म्हणालो आणि तीस हजार काकूंच्या हातात ठेवले.

काकू नोटांकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझ्यामुळे किंमत गेली नव्हती?"

"कोण म्हणतं गेली?"

"मग आठ दिवस कशाला रुसलेलात?"

"तिसरा आलेलो, म्हणून," काका म्हणाले.

काकू पदर तोंडाला लावून हसल्या, डोळे पुसत हसल्या. ते हसू बघून तीस हजार मला स्वस्तच वाटले.

मला सोडायला काका नाक्यापर्यंत आले. मी रिक्षात फ्रेम बसवत होतो, तोवर ते कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये जाऊन आले. घडी घातलेल्या नोटा त्यांनी माझ्या खिशात कोंबल्या. पंधरा हजार.

"काका, हे काय?"

"नाव आहे तिच्यावर. निम्मीच किंमत," ते म्हणाले. "आणि विमलला सांगशील तर बघ."