सुभद्रामायनं थांबवलेलं वाचन

परवा आमच्या वाचकांच्या ग्रुपवर एकानं प्रश्न टाकला... तुमचा आवडता लेखक कोण आणि का? एका ओळीत लिहा. भराभर उत्तरं आली. ओघवती शैली, आशयघन, काळजाला भिडणारं... मी मोबाईल खाली ठेवला. माझं उत्तर एका ओळीत मावणारं नव्हतं.

गोष्ट जऊळक्याची, सत्तरच्या दशकातली. तेव्हा आमच्या स्टेशनावरून मीटरगेज गाडी जायची. स्टेशनच्या रस्त्यावर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं मी वाचून मिळवलं... आणि हे मी अभिमानानंच सांगतो.

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. आषाढी पौर्णिमेला सुरू, आश्विन पौर्णिमेला समाप्त. वाचायचे नामदेवकाका, रेल्वेत गँगमन. दिवसभर रुळावर घण मारणारा माणूस, पण संध्याकाळी पांढरा सदरा घालून बसला की असं स्वच्छ वाचायचा की शेवटच्या रांगेतल्यालाही शब्द न शब्द कळावा. (उजेड कंदिलाचा. कुणी पेट्रोमॅक्स म्हणेल... तो नंतर आला.)

त्या वर्षी ग्रंथ संपला, पण लोकांची बसायची सवय काही सुटेना. मी दसऱ्याला नागपूरला गेलो होतो, दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून एक कथासंग्रह आणला होता. लेखक आपल्याच वऱ्हाडातला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कमेंटमध्ये भांडणं लागतात! येताना गाडीत उभ्यानं अर्धं पुस्तक वाचून काढलं होतं. त्याची माणसं बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची, आणि लेखकही त्यांच्यासोबत गप्प राहायचा. दुःख समजावून सांगत बसायचा नाही. असं लिहिणारा माणूस मला तोवर भेटलाच नव्हता.

हे वस्तीनं ऐकावं, एवढंच डोक्यात होतं. मी पुस्तक काकांपुढे ठेवलं. त्यांनी दोन-चार पानं चाळली आणि मिटून परत दिलं.

"हे विहारात नाय वाचायचं."

"काहून, काका?"

"अबे, हे आपलंच गावठी बोलणं हाय. यातूनच तं बाहेर निघून राह्यलो ना आपण?"

काकांचा राग मला कळत होता. नवीन नोकरीत असताना स्टेशनातले बाबू त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसायचे. तेव्हापासून स्टेशनात आणि वाचताना तरी नीटच बोलायचं, असं त्यांनी स्वतःला घासूनपुसून शिकवलं होतं. तरी मी पिच्छा सोडला नाही. शेवटी ते कबूल झाले, पण अटीवर. वाचणार तेच. आणि या आठवड्यात लोकांनी कान दिला तर ठीक, नाही तर पुस्तक कपाटात... पुन्हा विषय काढायचा नाही.

वाचन सुरू झालं आणि मी हादरलो. काका वाचता वाचता पुस्तकातलं बोलणं शुद्ध करत होते! छापलेलं एक, ऐकू येतंय दुसरंच. त्यांच्या मनात खोट नव्हती. विहार म्हणजे पवित्र जागा, तिथे वाणीही धुतलेलीच हवी, अशी त्यांची समजूत.

दिवस कापूस वेचणीचे. बाया दिवसभर वाकून थकलेल्या. पहिल्या दोन संध्याकाळी निम्म्या भिंतीला टेकून झोपल्या. काका माझ्याकडे बघायचे... बघ, मी म्हणालो नव्हतो? मी नुसता चरफडत बसायचो. भर सभेत त्यांना टोकायची माझी छाती नव्हती.

आठवडा संपत आला. त्या दिवशीची कथा एका मायलेकाची. सदरा फाटला म्हणून पोरगा शाळेत जाईना, रडत बसला. काकांनी वाचलं, "बाळा, तू का रडत आहेस? मी तुझा सदरा शिवून देईन."

तेवढ्यात मागून सुभद्रामायचा आवाज आला. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिला कुणाचीच भीती नव्हती.

"थांब रे नामदेव. हे बाई कोन हाय?"

"मजूर हाय ना, माय. निंदायले जाते. आत्ताच सांगतलं."

"निंदायले जाते अन् बोलते तहसीलदारणीवाणी? दिवसभर उन्हात वाकलेली बाई असं बोलत असते काय रे?"

सगळी सभा हसली. झोपलेल्याही जाग्या झाल्या. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग तीच ओळ पुन्हा घेतली... आणि छापली होती तशी वाचली.

"काहून रडून राह्यला बे? फाटलं तं फाटलं. मी का मेली काय अजून?"

कुणी हसलं नाही. माझी आई पदराचं टोक तोंडाशी धरून बसली होती. सुभद्रामाय सरकत सरकत पार कंदिलापाशी आली.

"असंच छापलं हाय?"

"असंच, माय."

"दाखव बरं."

तिला अक्षर येत नव्हतं. काकांनी तिचं बोट धरलं आणि त्या ओळीवर ठेवलं. ओळ संपेपर्यंत ते बोट हळूहळू पुढे सरकवत नेलं. मग ती म्हणाली, "आता बोलू दे तिले. मंधात तू बोलू नको."

त्यानंतर काकांनी एक शब्दही बदलला नाही. संग्रह संपल्यावर त्यांनीच मला विचारलं, "याचं दुसरं पुस्तक हाय काय रे?" आणि हे त्यांनी वऱ्हाडीत विचारलं, भर स्टेशनावर, बाबू लोकांसमोर.

काका गेले, सुभद्रामायही गेली. ते पुस्तक माझ्याकडे आहे. मायच्या हाताला खोबरेल लागलेलं असावं... त्या ओळीवर अजून एक लांबट डाग आहे.

ग्रुपवर मी शेवटी त्या पानाचा फोटो टाकला. त्या लेखकाला मी कधी भेटलो नाही. भेटलो असतो, तर हाच डाग दाखवला असता.