दमलं की थांबायचं

माझी थोरली बहीण, आक्का, गेली तेव्हा तिच्या दहाव्याला लासुर्ण्याची, म्हणजे तिच्या सासरच्या गावची, एक म्हातारी माझ्याजवळ टेकली. सहज बोलावं तशी म्हणाली, "पयलं पोर कसरतीनं गेलं तिचं. तवापास्नं गप्पच झाली बगा." दहाव्याला कोणी वाद घालत नाही. पण ते खरं नव्हतं, आणि खरं पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

पंचावन्न-छप्पन सालचा सुमार असेल. आक्का पहिलटकरीण होती. पाचव्या महिन्यात बारामतीला माहेरी आली ती कंबर धरूनच. आईनं तिला दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे नेलं. मी तेव्हा शाळेत होते, हट्टानं बरोबर गेले. नर्सबाईंनी तपासलं आणि गोळी न देता जमिनीवर सतरंजी अंथरली. आक्काला तळहात आणि गुडघे टेकवून ओणवं व्हायला लावलं. श्वास सोडताना पोट हलकेच आत ओढून पाठ मांजरीसारखी वर घ्यायची, श्वास घेताना पुन्हा सपाट करायची. कंबर खाली झोकायची नाही, श्वास कोंडायचा नाही, उताणं पडून पाय उचलायचे नाहीत. पोटाला आतून बळ राहिलं की कंबरेवरचा भार कमी होतो, असं त्या म्हणाल्या.

"आणि दमलीस की थांबायचं. पोटात दुखलं किंवा अंगावरून गेलं तर लगेच इकडे यायचं."

आक्का ओणवी असतानाच हसली. "बाई, आमच्यात दमलं म्हणून कोण थांबतं?"

"म्हणून तर सांगते," नर्सबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

आक्का सासरी परतली, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारं घर, खाऊन-पिऊन सुखी. माणसं वाईट नव्हती. आक्का सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून घोंगडीवर ओणवी व्हायची. कंबरदुखी बरीच उतरली म्हणायची. एकदा तिच्या सासूबाई आत आल्या.

"ह्ये काय गं? काय सांडलं का?"

"न्हाय, आत्याबाई. नर्सबाईंनी सांगितलंय. कंबरंसाठी."

"हातापायावर?"

"व्हय."

सासूबाईंनी थोडा वेळ पाहिलं. मग बाहेर जाऊन शेणकाल्याची बादली आणि पोतेरं घेऊन आल्या. "मग मोकळ्या हातानं कशापायी? ह्ये घे. कसरत बी हुईल आन घर बी सारवून निघंल."

दाराशी धान्य निवडत बसलेल्या बायका हसल्या. आक्काही हसली.

आधी स्वयंपाकघर झालं, मग सोपा, मग अंगण. सासूबाईंच्या मनात कपट नव्हतं. हेच मला अजून गिळता येत नाही. शेजारणींना त्या कौतुकानं सांगत, "आमच्या सूनबाईला डाक्टरणीनं सारवाय सांगितलंय." ओणवं होणं त्यांना समजलं होतं. थांबणं समजलं नव्हतं. अर्धी सारवलेली जमीन सोडून कोणी उठतं का? एका हातावर भार टाकून आक्का दुसऱ्या हातानं पोतेरं ओढायची, तेव्हा तिचा कोंडलेला श्वास मला ऐकू यायचा. घोंगडी गुंडाळली गेली ती गेलीच. नर्सबाईंनी शिकवलेलं करायला अंगात त्राण उरत नव्हतं.

"ऊठ की आता," मी म्हटलं.

"तेवढा तुकडा राहिला तर डोळ्यांवर येतो," ती म्हणाली.

मी घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या अंगावरून जाऊ लागलं. गाडी जुंपून बारामतीला आणेपर्यंत उशीर झाला होता. मूल गेलं. सारवल्यानं गेलं असं मी म्हणत नाही; डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नाही. पण कसरतीनं गेलं नाही, कारण कसरत ती करतच नव्हती. सासूबाईंनी मात्र दवाखान्याच्या पायरीवरच निकाल दिला. "मांजरावानी पाठ वाकवली, दुसरं काय हुनार?" हे त्या रडत रडत म्हणाल्या, आणि ते रडणं खरं होतं. सारवणाची आठवण कोणालाच झाली नाही. ते घरचं काम, आणि घरच्या कामानं बाईला काही होतं हे कोण मानणार?

पुढं धाकट्या जावेला दिवस गेले. आक्का म्हणाली, "हिला एकदा नर्सबाईंना दावू या."

"एक पोर घालवलंस तेवढं बास," सासूबाई म्हणाल्या.

आक्कानं तो विषय पुन्हा काढला नाही. जाऊ जात्यावर बसली की तिच्या हातातला खुंटा आपल्या हातात घ्यायची आणि तिला भिंतीला टेकून बसायला लावायची. एकदा मी तिथं होते. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

"आता बरी वाकती कंबर," त्या म्हणाल्या. "तवा दुखत हुती."

आक्का दळत राहिली.