न पेलणारं नाव

पाच बाजारवारांपैकी पोनच्या दिवशी जन्मला, म्हणून पोनिमिन. क्लातेनजवळच्या त्या गावात निम्म्या लोकांची नावं अशीच बाजाराच्या वारावरून पडलेली, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. याचं मात्र अडलं. गावच्या कचेरीत शिक्के मारायची नोकरी लागली आणि बापाने ठेवलेलं नाव याला टोचायला लागलं.

लग्न झालं की पुरुषाने नवं, थोराचं नाव घ्यायचं ही तिथली रीतच आहे. शहाणी माणसं आपल्या बेताचं घेतात. या शिक्केमाऱ्याने घेतलं प्रविरोनगोरो, म्हणजे राज्याचा शूर वीर! हा वीर उंदराला भिऊन पलंगावर चढतो, हे त्याच्या बायकोला, वाकिनेमला, पहिल्याच आठवड्यात कळलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मुलगा झाला तेव्हा याने थेट राजवाड्यात शोभेल असं नाव शोधून काढलं: सूर्योनिंगरात, जगाचा सूर्य.

"अहो, पोरगं लेगीच्या बाजारी झालंय," वाकिनेम म्हणाली. "लेगीमान म्हणू या की. लेगी म्हणजे गोड."

"असली शेतकऱ्यांची नावं माझ्या घरात नकोत!"

जगाचा सूर्य तीन वर्षं तापाने फणफणत राहिला. दवाखान्याच्या औषधाने ताप उतरायचा, आठवड्याने पुन्हा चढायचा. पोराच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा. पोराला नाव जड झालं की ते उतरवून हलकं ठेवायचं, हे त्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सुईण सूरिप आजी तर दारात येऊन म्हणाली, "काय रे पोनिमिन, मूठभर पोर ते, त्याच्या डोक्यावर अख्खं जग ठेवलंस होय?"

"प्रविरोनगोरो म्हणा. आणि नाव बदलणार नाही. कचेरीत लिहिलंय ते. लोक काय म्हणतील?"

वाकिनेमने विनवण्या केल्या, अबोला धरला, रडून पाहिलं. पोर हातचं जाणार या भीतीने तिला घास गिळवेना. हा मात्र आरशासमोर टोपी सारखी करून कचेरीत जायचा.

मग एका लग्नात फुकटच्या फणसाच्या भाजीवर वीराने आडवा हात मारला आणि दोन दिवस पोट धरून गडाबडा लोळला.

"वाकिनेम, अगं मला नाव जड झालंय गं! दुआ मागायला मोदीनला बोलाव, नाव उतरवायची लापशी शिजव. मला पोनिमिन करून टाका!"

तीन वर्षं पोर तापात जळत होतं तेव्हा या माणसाला नाव जड होतं म्हणजे काय ते कळलं नव्हतं. तिला राग आला नाही, किळस आली.

तिने लापशी शिजवली, गुळाची लाल आणि नारळाच्या दुधाची पांढरी. शेजारपाजारचे येऊन चटयांवर बसले. दुआ मागणाऱ्या मोदीनने हात वर केले आणि विचारलं, "कुणाचं नाव उतरवायचं?"

पोनिमिनने तोंड उघडायच्या आत ती पोराला कडेवर घेऊन पुढे झाली. "आधी याचं. हा लेगीमान."

"अगं, पण कचेरीत..."

"मग तुमचंही राहू द्या. वीर आहात ना? पेला ते नाव."

मोदीन हात तसेच धरून थांबला. सगळी चटई पोनिमिनकडे बघत होती. तेवढ्यात त्याच्या पोटात कळ आली.

"दोन्ही!" तो ओरडला. "दोन्ही उतरवा, पण लवकर!"

लेगीमान वाचला. नावाने की औषधाने, ते सूरिप आजीला विचारा. फणस तर आपोआपच पचला. त्यानंतर गावाने या वीराला ना प्रविरोनगोरो म्हटलं, ना पोनिमिन. लेगीमानचा बाप, एवढंच म्हणतात. आयुष्यात मिळालेलं हे एकच चांगलं नाव, आणि तेही जे नाव घरात घ्यायला त्याने नकार दिला होता, त्याच्या जिवावर.