वास्तूला ऐकू जाऊ दे

‘‘मरावंसं वाटतं का?’’ डॉक्टरबाईंनी सरळच विचारलं. सातव्या महिन्याची तपासणी होती. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, ‘‘न्हाय हो! लई हसरी हाय आमची सून.’’

बाईंनी त्यांना बाहेर बसवलं. मग मी म्हणाले, ‘‘हो. रोज वाटतं.’’ आणि धाय मोकलून रडले.

याला ‘अँटेनेटल डिप्रेशन’ म्हणतात, म्हणजे गरोदरपणात येणारं नैराश्य. ‘‘हा आजार आहे, नखरे नाहीत. उपचारानं बरा होतो,’’ बाई म्हणाल्या. माहेरी मंगळवेढ्याला मी ‘नखरे’ इतक्यांदा ऐकलं होतं, की एवढ्यानंच जीव जरा हलका झाला.

लगेच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पोटातल्या बाळाला चालेल अशी गोळी आणि काउन्सेलिंग, म्हणजे दर आठवड्याला मन मोकळं करणं. घरच्यांना बजावलं, ‘‘एकटं सोडू नका. मरायचे विचार आले का, रोज विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत.’’

सासूबाईंना घामच फुटला. आमच्याकडे बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते ना! म्हणून तर मीही इतके दिवस गप्प होते.

पण सासूबाई खमक्या. रोज संध्याकाळी हाताला धरून मला फाटकाबाहेर लिंबाखाली न्यायच्या. ‘‘हितं बोल. हितलं वास्तूला ऐकू जात न्हाय. आलं का मनात?’’

‘‘आलं.’’

‘‘बरं झालं सांगितलंस. चल, भाकरी खा.’’

शेजारीण विचारायची, रोज काय कुजबुजता? ‘‘तुझ्याच चुगल्या!’’ सासूबाई ठणकावायच्या.

गोळीनं लगेच गुण येत नाही. मी चिडायचे, पण एकही चुकवली नाही. बाळंतपणाला माहेरीही गेले नाही. तिथं मला लिंबाखाली कोण नेणार होतं?

आता लेक रांगते. गोळी अजून चालू आहे, डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबेल. बायांनो, तुम्हाला असं वाटत असेल तर आजच सांगा. नवऱ्याला, नर्सला, कुणालाही. एकानं उडवून लावलं तर दुसऱ्याला सांगा.

एक सांगायचं राहिलंच. नववा लागल्यावर एकदा दिवेलागणीला मी भाकरी थापत होते. लक्षात आलं, आज तो विचार फिरकलाच नाही. लिंबापर्यंत जायला धीर कुठला! तिथूनच ओरडले, ‘‘आत्या, मला जगायचंय!’’

देवापाशी दिवा लावणारा सासूबाईंचा हात थांबला.

‘‘परत म्हण की गं,’’ त्या रडत म्हणाल्या. ‘‘मोठ्यानं म्हण. वास्तूला ऐकू जाऊ दे.’’