किल्ली सोमवारी येते

अन्याय झाला तो माझ्या भावाच्या नऊ वर्षांच्या मुलीवर. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. नाव लिहीत नाही. भाऊ-वहिनी सुरतेला कामाला आहेत, त्यांना ते कागदावर बघवणार नाही.

सायकलवरून पडली, हँडल पोटात घुसलं. रक्त नाही, फक्त लालसर वळ. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि मी तिला मोटारसायकलवर मधे बसवून नेलं.

"काका, मना पोटमा दुखस," एवढंच ती म्हणत होती.

ड्युटीवरच्या डॉक्टरने नाडी धरली आणि त्याचा चेहराच उतरला. "फार पळतेय. आत रक्त सांडलं असेल तर सोनोग्राफीत लगेच दिसेल." मशीन समोरच्याच खोलीत. दाराला कुलूप. सोनोग्राफीवाले डॉक्टर बाहेरून, फक्त सोमवारी येतात, किल्ली त्यांच्याबरोबर येते.

आबा शिपायाला म्हणाले, "भाऊ, मशीन शे ना? मंग उघाड ना!"

"आबा, पानटपरी शे का, कोनीबी उघाडाले?"

डॉक्टर खाली बघत म्हणाला, "त्या मशीनवर माझं नाव नोंदलेलं नाही. हात लावला तर केस होईल."

दारावर पत्रक होतं : गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. मी ज्या संघटनेत काम करतो, तिचंच. मुली पोटातच मारल्या जात होत्या, म्हणून हे कुलूप आम्ही मागितलं, आजही मागतो. पण त्या पत्रकासमोर आबा उभे होते, आणि त्यांच्या खांद्यावर एक जन्मलेली मुलगी होती.

सलाईन लावून धुळ्याला पाठवलं. हायवेवर ट्रकांची रांग. ती पाणी मागत होती. देऊ नका म्हणाले होते, दिलं नाही.

धुळ्यात एका डॉक्टरबाईंनी मशीन खाटेपाशीच ओढलं, पोटावर जेल लावून प्रोब टेकवला. पडद्यावर काळं पसरलेलं. "हे सगळं रक्त. थिएटर तयार करा!" बस, एवढंच काम होतं. ऑपरेशनच्या टेबलावरच तिचा जीव गेला. "थोडं आधी आणायचं होतं," बाई म्हणाल्या.

निवेदनं दिली. उत्तर आलं : सोनोग्राफीच्या कायम डॉक्टरचं पद मंजूर आहे, रिक्त आहे. कुलूप तसंच आहे. काही बदलेल असं मला वाटत नाही. तरी सांगतो, उद्या तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात जा. विचारा, पोटाला मार लागलेलं लेकरू आत्ता आलं तर मशीन कोण लावणार? आज किल्ली कोणाकडे आहे? मशीन लावणारा माणूस समोर आणून उभा करेपर्यंत तिथून हलू नका.