नऊ गोल खाल्लेली गोलकीपर

गेल्या महिन्यात एका मंगळवारी हाफ डे टाकला आणि लेकीची फुटबॉल मॅच बघायला माटुंग्याला गेलो. तन्वी आठवीत आहे, परळच्या मराठी शाळेत. मुलींच्या टीमची गोलकीपर.

समोर माटुंग्याचीच एक मोठी शाळा. स्वतःचं टर्फ, दोन कोच, सगळ्यांच्या पायात सारखे बूट... आमच्या शाळेचं मैदान म्हणजे पेव्हर ब्लॉक घातलेलं अंगण. कांबळे बाई दिवसा इतिहास शिकवतात आणि शाळा सुटली की त्याच अंगणात फुटबॉल.

हाफ टाइमपर्यंत पाच गोल झाले. त्यातले तीन एकाच मुलीचे, आणि ती निघाली ओळखीची... सिद्धी. आमच्या शेजारच्या चाळीत राहते, गेल्या वर्षीपर्यंत तन्वीच्याच टीममध्ये होती. गोल मारून ती नाचत वगैरे नव्हती, खाली मान घालून मागे फिरायची.

खरं सांगू, मला राग नाही आला. कुतूहल वाटलं. दरवर्षी हीच शाळा कशी काय जिंकते?

बाजूला एक ताई बसल्या होत्या, त्यांची मुलगी मोठ्या शाळेकडून खेळत होती. सहज विचारलं, "पहिल्यापासून इथेच आहे का ती?"

"नाही हो, सातवीत घातली. आम्ही वडाळ्याचे. तिच्या आधीच्या शाळेत टीमच बंद पडली." मग त्यांनीच बोट दाखवून सांगितलं... ही सायनची, ती धारावीची, ती उंच मुलगी तर रोज वाशीहून येते.

म्हणजे चांगल्या मुली तिथे जातात कारण टीम जिंकते. आणि टीम जिंकते कारण चांगल्या मुली तिथे जातात. हे सुरू कुठून झालं कोण जाणे... पण त्या ताईंना मी कुठल्या तोंडाने म्हणणार, की तुमच्या मुलीला धड मैदान नको?

नऊ-शून्यने हरलो. आम्ही निघत होतो तेवढ्यात त्यांचे मोठे कोच आले, माझ्याकडेच. म्हणाले, "नऊ झाले ते सोडा. दुसरी कोणी असती तर वीस झाले असते. पुढच्या वर्षी आमच्याकडे पाठवा तिला, फीचं शाळा बघेल."

कांबळे बाई शेजारीच उभ्या होत्या. मलाच अवघडल्यासारखं झालं. बाई शांतपणे म्हणाल्या, "विचार करा. संधी चांगली आहे." सिद्धीच्या आईलाही त्या हेच म्हणाल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

घरी स्मिता खूश. माझी बायको एकदा खूश झाली की थेट तयारीलाच लागते, माटुंग्याला कुठली बस पडेल इथपर्यंत तिचं झालं होतं. तन्वी मात्र आपली जेवत होती. मग एकदम म्हणाली, "बाबा, तू त्यांची गोलकीपर बघितलीस?"

नव्हती बघितली. पूर्ण मॅचभर मी त्या टोकाला पाहिलंच नव्हतं.

"रेवा नाव तिचं. हाताची घडी घालून उभी होती नुसती. आमचा बॉल तिकडे गेलाच नाही ना... मॅच संपल्यावर मला म्हणते, 'तुझी मजा आहे गं.' तिथे गेले तर मीपण अशीच उभी राहणार. माझ्याकडे बॉल कोण मारणार?"

ज्याला मी नऊ गोलांचा अपमान समजत होतो, ती तन्वीच्या दृष्टीने भरगच्च प्रॅक्टिस होती.

स्मिता म्हणाली, "अगं, मॅचमध्ये नाही, पण प्रॅक्टिसला मारतील की."

तन्वीने घास थांबवला. "हां... मग फक्त प्रॅक्टिसलाच गेले तर?"

मी हसलो, विषय संपला असं समजून झोपलो. तन्वीने दुसऱ्या दिवशी खरंच बाईंना विचारलं. आणि बाईंनी खरंच त्या कोचना फोन लावला. दुपारी मला बाईंचा फोन आला, "सर आधी हसले, मग हो म्हणाले. त्यांच्या मुलींना शूटिंगसाठी चांगली कीपर हवीच आहे. मी म्हटलं, एकटी नाही येणार. येईल तर टीम येईल."

त्या शनिवारी मीही गेलो. आमच्या मुली आधी कोपऱ्यात घोळका करून उभ्या, टर्फवर पाय टाकायलाही बिचकत होत्या. सरांनी सरळ टीम मिसळल्या. रेवा आमच्या गोलमध्ये, तन्वी त्यांच्या. सिद्धी जुन्या मैत्रिणींना टोपणनावांनी हाका मारत पास मागत होती... आणि रेवा घामाने निथळत, गुडघे सोलवटून घेत, बॉलवर बॉल अडवत होती. एवढी खूश मुलगी मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

आता दर शनिवारी जातात.

परवा पुन्हा त्यांच्याशीच मॅच झाली. हरलो. पाच-शून्य. पण रेवाला दोनदा चांगलं झेपावावं लागलं, आणि दोन्ही वेळा आमच्या बाजूच्या पालकांनीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षीचं अजून ठरलेलं नाही. स्मिता म्हणते जाऊ दे तिला, तन्वी म्हणते बघू. शनिवारच्या दोन तासांनी सगळं समान होत नाही, एवढं मला कळतं. तिथलं टर्फ त्यांचंच, आणि आमच्यातली चांगली खेळणारी पुढेही बहुधा तिकडेच जाईल.

तरी त्या सरांचे आणि कांबळे बाईंचे आभार मानायचे होते, म्हणून हे लिहिलं. एका आठवीतल्या मुलीचं बोलणं हसण्यावारी नेणं दोघांनाही सहज जमलं असतं... मी तर नेलंच होतं.